मास्तरांची टेप

भिंगरीचा फ्रॉक मी फाडला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या इमारतीत ही हकीकत माझ्याआधी बऱ्याच जणांनी सांगून झाली आहे आणि दर वेळी त्यात माझी बोटं थोडी जास्त जाड होत जातात.

झालं असं, की बालवाडीत नाव घालायचं म्हणून तिचा फोटो काढायचा होता. तिचे वडील आमच्या तळमजल्यावरचे शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ते त्या दिवशी कुणा नवरदेवाच्या कोटात मानेपर्यंत बुडाले होते. वहिनी शेजारी बसून काजं करत होत्या. मी मात्र अगदी रिकामा होतो, आणि सुट्टीच्या दिवशी रिकामा दिसणारा माणूस ही इमारतीची सामाईक मालमत्ता असते.

"भावजी, एवढा फ्रॉक घालून हिला फोटोवाल्याकडे नेता का?" वहिनी म्हणाल्या. "नवा आहे. यांनी परवाच शिवलाय."

फ्रॉक डोक्यातून गेला, हातातून गेला. पाठीवरची वरची बटणं लागली. कमरेपाशी मात्र बटणं इकडे आणि काजं तिकडे, दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत.

"पोट आत घे गं," मी म्हणालो.

"घेतलं."

"अजून घे."

"अजून आत जागाच नाहीये, काका."

ज्या माणसाने आयुष्यभर सुटकेसवर बसून सुटकेस बंद केली, त्याने जे करायचं तेच मी केलं. गुडघा टेकला, श्वास धरला आणि ओढलं. टर्रकन आवाज झाला आणि बगलेखालची शिवण थेट खालपर्यंत उसवत गेली.

"बाबा!" भिंगरी ओरडली. "काकाने फ्रॉकला मारलं!"

मास्तर बाहेर आले. तोंडात टाचण्या. त्यांनी आधी फ्रॉककडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे, आणि टाचण्या जराही न हलवता विचारलं, "बटण लावत होतात की बोचकं बांधत होतात?"

या टाचण्यांबद्दल सांगायला हवं. मास्तरांच्या ओठांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत टाचण्या असायच्या, त्यामुळे चार-पाच शब्दांच्या पलीकडे बोलणं त्यांना जिवावरचं काम होतं. पुढे पुढे टाचण्या नसतानाही ते तेवढंच बोलायला लागले. वहिनी म्हणायच्या, लग्न ठरवायला आले तेव्हासुद्धा हे एवढंच बोलले, "मला चालेल." मुलगी त्यांना चालेल की समोरचा चहा, हे माहेरच्यांना बराच वेळ कळलं नव्हतं.

पण हात! गिऱ्हाईक दारातून आत येऊन नमस्कार करीपर्यंत त्याचं अर्धं माप मास्तरांच्या डोळ्यांनी घेऊन झालेलं असायचं. त्यांच्याकडे ट्रायल नावाचा प्रकार नव्हता. मापं द्यायची, सांगितलेल्या दिवशी कपडा न्यायचा, घरी जाऊन घालायचा. कुणी चुकून "घालून बघू का?" असं विचारलंच, तर मास्तर कपडा परत खुंटीला लावायचे. माणसांची ओळख ते खांद्यांवरून ठेवत. माझी त्यांच्या लेखी ओळख "डावा खांदा उतरलेला" अशी होती. आमच्या हिने एकदा ते ऐकलं आणि म्हणाली, "उजव्याने तरी काय मोठं काम केलंय!"

तर अशा माणसाने स्वतःच्या मुलीसाठी शिवलेला फ्रॉक तिला बसला नाही. आळ मी माझ्या बोटांवर घेतला. मास्तरांनी शिवण उसवली, आत दुमडून ठेवलेलं जादा कापड सोडलं आणि फ्रॉक पुन्हा शिवला. बसला. फोटो निघाला. फोटोत भिंगरी अशी उभी आहे, जणू सगळी बालवाडी तिच्याच मालकीची आहे.

काही आठवड्यांनी तो परत आवळायला लागला.

या वेळी मी फ्रॉकच्या आसपासही नव्हतो. मास्तर म्हणाले, कापड आटलं. त्यांनी पुन्हा उसवलं, पुन्हा सोडलं. वहिनी खुशीत होत्या. "पोरगी बाळसं धरतेय," त्या सगळ्यांना सांगायच्या. मीही जिन्यात भेटली की तिच्या पोटावर टिचकी मारून विचारायचो, "काय शेटजी, धंदा कसा आहे?" आणि ती पोट पुढे काढून म्हणायची, "जोरात!" हसत होती, पळत होती, खात होती. ताप नाही, दुखणं नाही. कोण कशाला काय समजणार?

मास्तर मात्र दिवसेंदिवस आंबट होत चालले. एक दिवस पाहतो तर नाकावर चष्मा.

"हे काय मास्तर?"

"नजर गेली."

चष्मेवाल्याने त्यांना परोपरीने सांगितलं होतं की तुमची नजर उत्तम आहे. तरी हटून बसून त्यांनी एक बारीकसा नंबर काढून घेतलाच. कारण त्यांच्या हिशेबाने दुसरं काही संभवतच नव्हतं. कापड चुकत नाही, कातर चुकत नाही, टेप चुकत नाही. मग उरलं कोण? ते स्वतः. पोरीचं पोट दाखवायचं सोडून या गृहस्थाने आपले डोळे दाखवले, आणि मी त्यावर पोटभर हसलो.

चष्मा लावून त्यांनी नवा फ्रॉक बेतायला घेतला. भिंगरीला टेबलावर उभी केली. मी दुकानाच्या बाकावर पेपर वाचत बसलो होतो. टेप खांद्यावरून गेली, दंडावरून गेली. मग कमरेवर गेली आणि तिथेच थांबली. मास्तरांनी पुन्हा दंड मोजला. पुन्हा कमर. मग बेंबीपासून पाठीच्या मणक्यापर्यंत, आधी उजवीकडून. मग डावीकडून.

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. भर कामात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"शेजारी, इकडे या." मला ते शेजारीच म्हणतात. "हात लावा इथे."

मी हात लावला. डाव्या बरगडीखाली काहीतरी होतं. टणक, गुळगुळीत आणि अजिबात न हलणारं. मुलांची पोटं कशी असतात, आपल्याला ठाऊक असतं. हे पोट नव्हतं. पोटाच्या आत कुणीतरी येऊन राहिलं होतं. भिंगरीला गुदगुल्या झाल्या आणि ती खिदळली.

"दंड बारीक झालेत," मास्तर म्हणाले. "मी कापड सोडत गेलो."

आमचे कोपऱ्यावरचे डॉक्टर मोठे गमत्ये. कुठलंही मूल आलं की त्याच्या पोटाला हात लावायचे आणि सकाळपासून काय काय खाल्लं ते ओळखायचे. भिंगरीला त्यांनी झोपवलं. "बघू, आज काय," असं म्हणत हात ठेवला आणि पुढचं वाक्य आलंच नाही. हात अलगद उचलून ते मागे सरले, मास्तरांच्या खांद्याला धरून त्यांना बाहेर घेऊन आले.

"मोठ्या इस्पितळात जा. आजच. मी फोन करतो. आणि ऐका, आता हिच्या पोटाला कुणीही हात लावायचा नाही. दाबायचं नाही, चोळायचं नाही, अंगावर खेळवायचं नाही. कडेवर घ्यायचं तर पोट दाबलं जाणार नाही असं घ्या."

मी माझे दोन्ही हात खिशात घातले. टिचक्या आठवल्या.

मुलांच्या कॅन्सरच्या वॉर्डात मी याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं होतं, तिथे सगळं चिडीचूप असेल. तिथे एक टक्कल पडलेला महाभाग सलाईनचा खांब ढकलत दुसऱ्याच्या खांबाशी शर्यत लावत होता, आणि सिस्टर दोघांच्या मागे धावत होत्या. भिंगरीच्या खाटेवर त्यांनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली: पोट दाबू नये. भिंगरीला ती फार आवडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोट दाखवून बजावायची, "वाचता येतं ना?"

सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, पोटाचा आणि छातीचा स्कॅन झाला. तिथल्या मोठ्या डॉक्टर म्हणजे बुटक्या, पिकल्या केसांच्या आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेसारख्या चष्म्यावरून बघणाऱ्या बाई. त्यांनी आम्हाला खोलीत बसवलं. मी भाऊ आहे असं वहिनींनी परस्पर सांगून टाकलं, म्हणून मीही बसलो.

"डाव्या किडनीत गाठ आहे," बाई म्हणाल्या. "हा कॅन्सर आहे. लहान मुलांतच होतो, तिच्या वयाच्याच. बहुतेक वेळा आई अंघोळ घालताना नाहीतर कपडे घालताना लक्षात येतो, कारण मूल एरवी छान खेळत असतं."

"पण तिला काहीच दुखत नव्हतं हो," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच लपून राहतो तो. आता चांगलं ऐका. छातीत काही दिसत नाही, दुसरी किडनी ठणठणीत आहे. यातली बहुतेक मुलं बरी होतात. पण औषध पुरं घेतलं तर. अर्ध्यावर सोडलं तर नाही."

मास्तरांनी विचारलं, "कापणार कधी?"

"लगेच नाही. गाठ मोठी आहे आणि नाजूक आहे. काढताना फुटली तर आतलं पोटभर पसरतं. आधी औषध देऊन ती आकसवायची, घट्ट करायची, मग काढायची. दर आठवड्याला यायचं. एकही आठवडा चुकवायचा नाही. मधे ताप आला तर घरचं औषध देत बसू नका, थेट इथे या. केस जातील, ते परत येतील. शी घट्ट होईल, त्याचं पातळ औषध देते, ते न चुकता पाजायचं."

मास्तर खाली बघत होते. शेवटी म्हणाले, "पहिल्यांदा आवळला तेव्हाच आलो असतो तर?"

बाईंना फ्रॉकचं काही ठाऊक नव्हतं. तरी त्यांना कळलं. "आज आलात ना," त्या म्हणाल्या. "आजपासून मोजा."

हे एक वाक्य बाईंनी बोलायला नको होतं. मास्तरांनी ते शब्दशः घेतलं.

पहिलं औषध झालं आणि भिंगरी घरी आली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मास्तर तिला टेबलावर उभी करत. दाबायचं नाही म्हणून टेप नुसती अल्लद टेकवायची, श्वास सोडला की आकडा बघायचा. पहिल्या आठवड्यात आकडा थोडा उतरला. त्या सकाळी मास्तरांनी मला हाक मारून चहा पाजला. त्यांच्या हिशेबात ही दिवाळखोरीच्या जवळ जाणारी उधळपट्टी होती. मग आकडा थांबला. मग चढायला लागला.

ते कुणाला काही बोलले नाहीत. भिंगरीचे केस उशीवर यायला लागले होते. ती चिडचिड करायची, जेवण बाजूला सारायची, पाय दुखतात म्हणायची. वहिनी समजूत काढायच्या. मास्तर सकाळी मोजायचे आणि दिवसभर मशीन चालवायचे. मशीनच्या आवाजावरून मला वर घरात कळायचं, आज आकडा कुठे गेलाय.

आणि तिसऱ्या औषधाच्या सकाळी आवाजच आला नाही.

वहिनी धापा टाकत वर आल्या. "भावजी, खाली चला. हे येत नाही म्हणतात इस्पितळात. गाडीचं बघून आलेत."

"कुठली गाडी?"

"बाहेरगावची. कुणी गिऱ्हाईकाने एका वैदूचा पत्ता दिलाय. पुड्या देतो म्हणे. केस जात नाहीत म्हणे, सुया नाहीत." त्यांचा आवाज फुटला. "बाई म्हणाल्या होत्या, एकही आठवडा चुकवायचा नाही."

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत शिरलो. आतल्या खोलीच्या दाराशी भिंगरी तिच्या प्लॅस्टिकच्या भांड्यावर बसली होती, त्रासलेला चेहरा करून. टेबलावर एक भरलेली पिशवी होती. मास्तर शेजारी उभे. टाचण्या नाहीत.

मी माझ्या सवयीने सुरुवात केली. "काय मास्तर, सहलीला?"

ते हसले नाहीत. विनोद करणाऱ्या माणसाला ही एक मोठी अडचण असते. पहिला वार फुकट गेला की हातात दुसरं शस्त्र नसतं.

"गाठ वाढतेय," ते म्हणाले. "पोरीत विष घालतायत, आणि गाठ वाढतेय."

"कुणी सांगितलं?"

त्यांनी गळ्यातली टेप धरून दाखवली.

"टेपला गाठ कळते का, मास्तर? काहीतरीच काय बोलता?"

आता मास्तर बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "फ्रॉक आवळला तेव्हा टेप काय म्हणत होती? पोट वाढतंय म्हणत होती. मी काय म्हणालो? कापड आटलं. मग म्हणालो, डोळे गेले. सगळ्यांना खोटं पाडलं, टेपला पाडलं. आणि टेप खरी निघाली. आता ती पुन्हा तेच म्हणतेय, आणि तुम्ही सगळे म्हणताय ऐकू नको. आता ऐकणार."

खरंच, मी त्यांच्या जागी असतो तर मीही ऐकलं असतं.

वहिनी पिशवीच्या बंदाला धरून उभ्या होत्या. मास्तरांनी दुसरा बंद धरला. दोघंही ओढत नव्हती, पण सोडतही नव्हती. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर वाजवून विचारलं, "मास्तर, पँट झाली का?"

"बरं," मी म्हणालो. "तुम्ही टेपचं ऐका. पण टेपचं म्हणणं बाईंच्या तोंडावर सांगा. त्यांना विचारा, गाठ का वाढली? त्यांना सांगता आलं नाही तर तिथूनच मी तुम्हाला गाडीवर सोडतो. पिशवी मी उचलतो. उतरलेल्या खांद्यावर."

"ते औषध घालतील."

"विचारल्याशिवाय घालू देऊ नका. तुमची पोरगी आहे."

मास्तरांनी भिंगरीकडे पाहिलं. तिकडून ती वैतागून म्हणाली, "मी आता उठू का? होतच नाहीये!"

"चला," मास्तर म्हणाले. "पण पिशवी बरोबर."

रिक्षात आम्ही चौघं आणि पिशवी. मधल्या चौकात रस्ता खणलेला, रिक्षा हलायला तयार नाही. औषधाची वेळ टळत चाललेली. वहिनी भिंगरीला मांडीवर आडवं धरून, पोटाला काही लागू नये म्हणून हातांची चौकट करून बसल्या होत्या. मास्तर बाहेर बघत होते, आणि त्याच चौकातून एक रस्ता बसस्टँडकडे जात होता. मी रिक्षावाल्याला म्हणालो, "अहो, पुढे घ्या की." तो म्हणाला, "उडू का?" एरवी मी यावर हसलो असतो.

बाईंच्या समोर मास्तर बसलेच नाहीत. उभ्यानेच टेप टेबलावर ठेवली. "वाढतेय," ते म्हणाले. "रोज मोजतो."

बाईंनी टेपकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि भिंगरीला विचारलं, "शी कधी झाली गं?"

"होतच नाहीये!" भिंगरीने आज निदान दहाव्यांदा जाहीर केलं.

"पातळ औषध देताय ना?"

वहिनींनी मान खाली घातली. "थुंकून टाकते ती. इतकी औषधं, त्यात आणखी एक कुठे, म्हणून मी..."

बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. ओरडतील असं मला वाटलं. त्या उठल्या. "चला. सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात करणार होतो, ती आत्ता करू. तुम्ही आत या," मास्तरांना म्हणाल्या. "मोजणारा माणूस आहात, बघायला या. आणि हेही या, भाऊ." मला.

खोलीत अंधार होता. भिंगरीच्या पोटावर थंड लिबलिबीत काहीतरी लावलं, ती शहारली. तपासणाऱ्या मुलीने यंत्राचा दांडा इतका हलका फिरवला की कातडी दबतसुद्धा नव्हती. पडद्यावर करडा धूर. मला काही कळेना. मास्तर पुढे वाकून बघत होते. ती मुलगी काही बोलत नव्हती. न बोलणाऱ्या माणसाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

मग तिने पडद्यावर एक फुली टाकली. दांडा जरा फिरवला, समोरच्या कडेला दुसरी फुली टाकली. दोन फुल्यांमध्ये ठिपक्यांची रेघ आली आणि खाली आकडा.

"माप घेतेय," मास्तर पुटपुटले.

तिने आडवं घेतलं. उभं घेतलं. खोली घेतली. मग जुना कागद शेजारी धरला आणि बाईंकडे बघून मान हलवली. मान कुठल्या दिशेने हलली, ते मला अंधारात दिसलं नाही.

"लहान झालीय," बाई म्हणाल्या. "इथपासून इथपर्यंत होती. आता एवढी. औषध लागू पडतंय."

मास्तर हलले नाहीत. "पण टेप..."

"तुमची टेप बाहेरून मोजते हो. बाहेरून मोजलं की गाठ आली, आतडी आली, प्यायलेलं दूध आलं, हवा आली, आणि आठवडाभराची न झालेली शी आली. सगळ्यांची मिळून एकच गोळाबेरीज. फ्रॉकसाठी ठीक आहे. यासाठी नाही." त्यांनी त्या कुशीवर नुसतं बोट धरलं, टेकवलं नाही. "आणि ती भरलेली पिशवी कुठे निघाली होती ते मला कळतं. पुडीवाल्यांकडे जाऊन आलेली मुलं शेवटी माझ्याचकडे येतात. तेव्हा मला ही फुली टाकायला जागा उरलेली नसते."

बाईंच्या खोलीत परत आल्यावर मास्तरांनी टेबलावरची टेप घेतली, गुंडाळली आणि खिशात घातली. मग वहिनींकडे वळून म्हणाले, "पातळ औषध मी पाजतो."

त्या दिवशी औषध उशिरा लागलं, पण लागलं. नळीतून थेंब उतरत होते आणि मास्तर प्रत्येक थेंबाकडे असे बघत होते, जणू एखादा चुकारपणे बाजूने निसटेल की काय. संध्याकाळी भिंगरीला शी झाली. ही बातमी इमारतीत ज्या वेगाने पसरली, त्या वेगाने कुणाच्या बढतीचीही पसरलेली मी पाहिली नाही. आमची ही खिडकीतून ओरडली, "झाली का? वा!" आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांनी आमच्याबद्दल काय समज करून घेतला असेल ते देव जाणे.

पण ऑपरेशनचा दिवस उजाडला तेव्हा कुणाच्याच तोंडात थट्टा उरली नव्हती.

सकाळी तिला आत नेलं. सर्जन म्हणजे लांब बोटांचा, घाईत नसलेला माणूस. त्याने एकच सांगितलं, "किडनीसकट काढू. फुटू न देता बाहेर आणणं हे माझं आजचं काम." दार मिटलं. वहिनी बाकावर बसून पदराचं टोक पिळत राहिल्या. मी पेपर उघडला आणि हवामानाचा एकच परिच्छेद वाचत बसलो. दार उघडलं की आम्ही दोघं उठायचो. दर वेळी कुणीतरी दुसरंच बाहेर यायचं. एकदा एक सिस्टर जवळजवळ पळत गेली, रक्ताची पिशवी घेऊन परत पळत आत आली. ती कुणासाठी होती ते विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटांतलं रक्त थांबलं, आणि मी तो सोडवून घेतला नाही.

मास्तर भिंतीशी उभे होते. हात पाठीमागे. त्यांचं बोट अंगठ्यावर सारखं घासत होतं, कापडाचा पोत बघताना घासतं तसं.

"बसा हो," मी म्हणालो.

"नको."

दुपार कलली तेव्हा सर्जन बाहेर आला. टोपी काढली, कपाळ पुसलं. आम्ही तिघं त्याच्यासमोर असे उभे, की बिचाऱ्याला मागे सरायला जागा नाही.

"निघाली," तो म्हणाला. "अख्खी. फुटली नाही. मुलगी ठीक आहे, थोड्या वेळाने एकेकाने भेटा."

वहिनी मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मास्तरांनी सर्जनच्या हातांकडे पाहिलं. मग विचारलं, "टाके कशाचे?"

"आतले विरघळतात. बाहेरचे काढू."

"बारीक घातलेत ना?"

"बारीक घातलेत," सर्जन म्हणाला, आणि त्या दमलेल्या माणसाला पहिल्यांदा हसू आलं. मग गंभीर होऊन पुढे सांगितलं, की गाठ तपासायला पाठवली आहे, कुठल्या जातीची निघते त्यावर पुढची औषधं ठरतील. औषधं तर घ्यायचीच आहेत, बरेच महिने. मग तपासण्या, वर्षानुवर्षं. आज फक्त आजचं काम झालं.

तो आत गेला. वहिनींना सिस्टरने भेटायला नेलं. बाकावर मी आणि मास्तर राहिलो. आता कुठे ते बसले, तेही अर्धेच, बाकाच्या कडेला.

माझ्यातला सगळा धीर नेमका त्या वेळी संपला. इतके दिवस मी दुसऱ्यांना सांगत आलो होतो, होईल, सगळं नीट होईल, बाई म्हणाल्यात ना. आणि आता चांगली बातमी हातात असताना मलाच एकेक शंका सुचायला लागली. तपासणीत काय निघेल? औषधं झेपतील का तिला? एका किडनीवर इतकं लांब आयुष्य काढायचं, शाळा, धावपळ, संसार, सगळं. मला कुणीतरी हमी द्यायला हवी होती, आणि समोर हा एकच माणूस होता.

"मास्तर," मी म्हणालो, "अगदी मनापासून सांगा. तुम्हाला काय वाटतं? पूर्ण बरी होईल ना हो ती?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टरांना विचारा," ते म्हणाले. "मी शिंपी आहे."